पी०१७१ कोड, तीन व्हिडिओ आणि तीन वेगवेगळे पार्ट

दहा_अकराचा_पाना
सोमवार, रात्री ९:५०

गाडी १.२ पेट्रोल हॅचबॅक, २०१५ची, मॅन्युअल, ७८,००० किमी, पुणे. चेक इंजिन लाईट पेटली आहे. ब्लूटूथ डोंगलने कोड वाचला: पी०१७१, म्हणजे मिश्रण लीन, हवा जास्त आणि पेट्रोल कमी. सकाळी आयडलला हलकं मिसिंग, गरम झाल्यावर कमी होतं. पिकअप ठीक, एव्हरेजमध्ये मोठा फरक नाही.

नेटवर शोधलं तर पहिल्या व्हिडिओत ऑक्सिजन सेन्सर बदला, दुसऱ्यात एअरफ्लो सेन्सर स्प्रेने धुवा, तिसऱ्यात टाकीत इंजेक्टर क्लीनरची बाटली ओता. तिन्हींच्या खाली 'गाडी एकदम ओके झाली' म्हणणारे ढिगाने. सुरुवात कुठून करावी? हाताशी पाना सेट, पक्कड, मल्टिमीटर आणि डोंगल आहे.

लॅम्ब्डा
सोमवार, रात्री १०:२५

पहिली गोष्ट, कोड उडवू नका. कोडबरोबर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या क्षणाची नोंद ठेवतो. अ‍ॅपमध्ये 'फ्रीझ फ्रेम' नावाने सापडेल: आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान, वेग. लाईट आयडलला पेटली की एक्स्प्रेसवेवर १००च्या वेगाला, हे तिथे कळतं, आणि कोड उडवला की तेही जातं.

दुसरी गोष्ट, पी०१७१ हे कुठल्याही पार्टचं नाव नाही. ऑक्सिजन सेन्सर सायलेन्सरच्या वाटेवर बसून जळालेल्या धुरातला उरलेला ऑक्सिजन बघतो. तो सतत जास्त दिसला की ईसीयू पेट्रोल वाढवत जातो. वाढवायची मर्यादा संपली की कोड टाकतो. म्हणजे सेन्सरने चोर दाखवला आणि लोक सेन्सरलाच पकडून नेतात. खरोखर मेलेल्या सेन्सरचे कोड साधारण पी०१३० ते पी०१३५ या पट्ट्यात वेगळे येतात.

आता रीडिंग द्या. इंजिन पूर्ण गरम, एसी बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, एकदा आयडलला आणि एकदा २५०० आरपीएमला अर्धा मिनिट धरून. ट्रिम म्हणजे ईसीयू मूळ हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय (+) किंवा कमी करतोय (−); शॉर्ट म्हणजे आत्ताचं, लाँग म्हणजे शिकून ठेवलेलं. बाकी सगळं त्यानंतर.

दहा_अकराचा_पाना
मंगळवार, सकाळी ८:१०

फ्रीझ फ्रेम: ७८० आरपीएम, वेग शून्य, कूलंट ८८ अंश.
आयडल: शॉर्ट +६, लाँग +१९.
२५०० आरपीएम: शॉर्ट +१, लाँग +६.

लॅम्ब्डा
मंगळवार, सकाळी ९:००

दोन्हींची बेरीज करायची. आयडलला +२५, २५००ला +७. निम्मं निदान इथेच झालं.

आयडलला थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे तिथून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या वाटेत, ओढ (व्हॅक्यूम) खूप असते आणि इंजिन मुळात हवाच थोडी घेतं. अशा वेळी एखाद्या चिरलेल्या पाइपातून चोरवाटेने आलेली हवा एकूण हवेच्या मानाने मोठी ठरते. रेस दिली की चोरहवा साधारण तेवढीच राहते, पण मोजलेली हवा कित्येक पट होते आणि चोरहवेचा वाटा खूप कमी होतो. म्हणून आयडलला वाईट, रेसला बरं, हे व्हॅक्यूम लिकेजचं चित्र. उलटं असतं, म्हणजे आयडलला बरं आणि रेसला व लोडला +२०, +२५, तर पेट्रोल कमी पोचतंय असा संशय घेतला असता: थकलेला पंप, चोंदलेला फिल्टर. मळलेला एअरफ्लो सेन्सरही बहुधा वरच्या आरपीएमलाच जास्त खोटं बोलतो. दोन्हीकडे सारखंच जास्त असेल तर फ्युएल प्रेशर आणि इंजेक्टर.

एक वजाबाकी विसरू नका. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. शुद्ध पेट्रोलला जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, १० टक्के मिश्रणाला साधारण १४.१, २० टक्क्यांना साडेतेराच्या आसपास. इथेनॉल आपल्याबरोबर ऑक्सिजन घेऊनच येतं, त्यामुळे तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. १० टक्क्यांसाठी ट्यून केलेली गाडी २० टक्क्यांवर धावली की निरोगी असूनही ट्रिम ४ टक्क्यांच्या आसपास वर बसतो. तुमचे २५००चे +७ त्यामुळे जवळपास नॉर्मल आहेत. परदेशी व्हिडिओत '+५च्या वर म्हणजे गडबड' असं ऐकून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

घाटवळण
मंगळवार, सकाळी ११:३५

लॅम्ब्डा यांचं विश्लेषण बरोबर आहे, पण एका अटीवर. गाडीत एअरफ्लो सेन्सर, म्हणजे मॅफ, असला पाहिजे. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतोच. तिथे मॅप असतो, जो मॅनिफोल्डमधला दाब मोजतो, आणि दाब व हवेचं तापमान यांवरून ईसीयू हवेचा हिशोब करतो.

फरक मोठा आहे. मॅफवाल्या गाडीत चोरवाटेची हवा सेन्सरच्या पलीकडून, इंजिनाच्या बाजूने शिरते, मोजलीच जात नाही, म्हणून मिश्रण लीन होतं. मॅपवाल्या गाडीत तीच हवा मॅनिफोल्डचा दाब वाढवते, ईसीयूला तो दिसतो आणि तो पेट्रोलही त्या मानाने वाढवतो. मिश्रण फार बिघडत नाही. लक्षण वेगळं येतं: आयडल वर चढतं किंवा खालीवर झुलतं. अशा गाडीत पी०१७१ आला तर आधी फ्युएल प्रेशर, इंजेक्टर आणि सेन्सरच्या आधीचं एक्झॉस्ट लिकेज बघायचं. एखाद्या सिलिंडरच्या तोंडाशीच गॅस्केट फाटलं असेल तर त्या एकट्याचं मिसिंग होईल, तो अपवाद.

नेटवरचे बहुतेक व्हिडिओ अमेरिकी गाड्यांवरचे, तिथे मॅफ जागोजागी. सांगणारा खोटं बोलत नसतो, तो त्याच्या गाडीबद्दल बोलत असतो.

ओळखायचं असं: एअर फिल्टरच्या डब्यातून थ्रॉटलकडे जाणाऱ्या जाड पाइपावर, डब्याला लागून, चार-पाच वायरींचा प्लग असलेला सेन्सर दिसला तर मॅफ. थेट मॅनिफोल्डवर स्क्रूने बसवलेला छोटा सेन्सर दिसला तर मॅप. काही गाड्यांत दोन्ही असतात. अ‍ॅपवर मात्र विसंबू नका. मॅफ नसतानाही काही अ‍ॅप दाबावरून हिशोब करून ग्रॅम प्रति सेकंद दाखवतात.

स्टेपनी
मंगळवार, दुपारी १:१५

वाचतोय. मॅपचं रीडिंग बरोबर आहे की नाही हे घरी कसं ताडायचं?

घाटवळण
मंगळवार, दुपारी १:४०

चावी ऑन, इंजिन बंद. अशा वेळी मॅनिफोल्डमध्ये बाहेरच्या हवेचाच दाब असतो. मुंबईत किंवा पणजीत १०० ते १०१ किलोपास्कल, पुण्यात ९४-९५, महाबळेश्वरला ८६-८७. याच्या आसपास नसेल तर सेन्सर किंवा त्याची वायर. मग इंजिन गरम करून आयडलला बघा, ३० ते ४०च्या दरम्यान यायला हवं. इंजिन बंद असताना बरोबर आणि आयडलला ५०-५५ असेल तर सेन्सरला दोष देऊ नका, ओढच कमी पडतेय.

दहा_अकराचा_पाना
मंगळवार, संध्याकाळी ७:२०

फिल्टरच्या डब्याला लागून पाच वायरींचा सेन्सर आहे. आयडलला २.० ग्रॅम प्रति सेकंद दाखवतो.

लॅम्ब्डा
मंगळवार, संध्याकाळी ७:४५

म्हणजे मॅफ. गरम इंजिन, आयडल, एसी बंद असताना इंजिनाच्या लिटरइतके ग्रॅम किंवा थोडे जास्त, असा ठोकताळा आहे. १.२ला २.० वाईट नाही. धुवायची घाई नको. कधी धुवायचा झालाच तर मॅफसाठीचाच स्प्रे, कार्ब क्लीनर नाही. तार केसापेक्षा बारीक असते, तिला कापूस किंवा ब्रश लावायचा नाही. दहा मिनिटं वाळू द्यायचा. तेल लावलेला 'परफॉर्मन्स' एअर फिल्टर बसवला असेल तर त्या तेलानेच तार माखते, तो आधी काढा.

आता लिकेज शोधा. आटे_गेले, तुम्ही सांगा, हा तुमचा प्रांत.

आटे_गेले
मंगळवार, रात्री ९:३०

थंड इंजिनावर सुरुवात करायची, डोळ्यांनी आणि बोटांनी. मॅनिफोल्डकडे जाणारा प्रत्येक रबरी पाइप दाबून, वाकवून बघा. चीर बहुधा सरळ भागात नसते, वाकणाच्या आतल्या बाजूला असते. वरून पाइप नवाकोरा वाटतो आणि खालून बोट फिरवलं की फट लागते. सगळ्यात पहिला संशय पीसीव्हीच्या पाइपावर, म्हणजे टॅपेट कव्हरवरून मॅनिफोल्डकडे जातो तो. त्यातून गरम तेलाची वाफ जाते, रबर आधी फुगतं, मग कडक होऊन चिरतं. मग ऑइल फिलरच्या झाकणाचं रबर आणि डिपस्टिकचं ओ-रिंग. पीसीव्हीमुळे मॅनिफोल्डची ओढ थोडी क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोटातही पोचते, त्यामुळे झाकण सैल असलं तरी काही गाड्या लीन होतात.

मग इंजिन चालू करून एकेक वाट बंद करत जायचं आणि अ‍ॅपवर शॉर्ट टर्म बघत राहायचं.

ब्रेक बूस्टरचा जाड पाइप: फडकं गुंडाळून पकडीने हळूच दाबा. ट्रिम झपकन खाली आला तर गळती बूस्टरकडे. ही चाचणी उभ्या गाडीत, हँडब्रेक लावूनच, आणि झाल्यावर पकड काढायला विसरायचं नाही. पाइप दाबलेला राहिला तर पेडल दगडासारखं होईल.

पर्ज व्हॉल्व्ह: पेट्रोल टाकीची वाफ इंजिनात सोडणारा छोटा सोलेनॉइड. थंड इंजिन, आयडल. टाकीकडून, म्हणजे कॅनिस्टरकडून (टाकीची वाफ साठवणाऱ्या डब्याकडून) येणारा पाइप काढून व्हॉल्व्हच्या तोंडाला बोट लावा. ओढ लागायला नको. लागत असेल तर व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. पेट्रोल भरल्यावर गाडी स्टार्टला त्रास देते हे त्याचंच दुसरं लक्षण.

पीसीव्ही पाइप: वरच्याच पद्धतीने दाबून बघा.

मॅनिफोल्ड गॅस्केट आणि थ्रॉटल बॉडीचा सांधा: फवाऱ्याच्या बाटलीने पाण्याचा बारीक फवारा सांध्यावर. फट असेल तर पाणी क्षणभर ती बुजवतं, आयडल किंवा ट्रिम हलतो. कॉइल, प्लग आणि अल्टरनेटरवर पाणी मारायचं नाही.

व्हिडिओत सर्रास कार्ब क्लीनर किंवा ब्रेक क्लीनर मारून दाखवतात. चाचणी म्हणून ती चालते, पण तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर गेला तर भडका. काही ब्रेक क्लीनर क्लोरीनवाले असतात, तापलेल्या धातूवर त्यांचा विषारी वायू होतो. घरी पार्किंगमध्ये हे करू नका.

एवढं करून सापडलं नाही तर गॅरेजमध्ये स्मोक टेस्ट करून घ्या. मशिनने मॅनिफोल्डमध्ये अगदी कमी दाबाने धूर सोडतात, जिथून निघेल तिथे भोक. सेन्सरच्या किमतीपेक्षा ती टेस्ट स्वस्त पडते.

ओली_काजळी
मंगळवार, रात्री १०:०५

वरच्यात एक भर. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टचं गॅस्केट फुटलं असेल तर धुराच्या ठोक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो आणि मिश्रण ठीक असूनही ईसीयू लीन समजतो. थंड इंजिन स्टार्ट केल्यावर पहिली दोन मिनिटं 'टिक टिक टिक' आवाज, गरम झाल्यावर बंद, सांध्याशी काळी रेघ. टॅपेटचा आवाज समजून लोक सोडून देतात.

सेन्सर जिवंत आहे का तेही बघून टाका. जुन्या पद्धतीचा असेल तर गरम आयडलला ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वरखाली नाचतो. एकदम रेस द्या: लगेच ०.८च्या वर उडी मारायला हवी. मारली तर सेन्सर ठीक. नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाइडबँड असतो, तो असा नाचत नाही. तिथे जुन्या व्हिडिओचे आकडे लावून चांगला सेन्सर कचऱ्यात जातो.

दहा_अकराचा_पाना
बुधवार, रात्री ८:४०

पीसीव्ही पाइप. मॅनिफोल्डच्या टोकाशी, वाकणाच्या खालच्या बाजूला दीड सेंटिमीटर चीर. पकडीने दाबल्यावर शॉर्ट टर्म +६वरून थेट −१०. आता साधा रबरी पाइप मीटरवर मिळतो तो कापून बसवला तर चालेल का?

आटे_गेले
बुधवार, रात्री ९:००

नाही. तीन कारणं. पाण्याचा किंवा कूलंटचा रबरी पाइप तेलाच्या वाफेने काही महिन्यांत फुगून लिबलिबीत होतो. सिलिकॉनचा रंगीत पाइप दिसायला छान, पण तेलाशी त्याचंही जमत नाही. आणि सरळ पाइप वाकणावर बसवला की ओढीने चपटा होतो, मग क्रँककेसचा दाब बाहेर पडत नाही आणि ऑइल सील गळायला लागतं. कंपनीचा मोल्डेड पाइपच घ्या, स्वस्त असतो. क्लिपाही नव्या. पीसीव्ही व्हॉल्व्ह वेगळा निघत असेल तर हलवून बघा, खुळखुळला पाहिजे. चिकटला असेल तर तोही बदला.

पाइप बसवल्यावर आता कोड उडवा, लाँग टर्मही नव्याने शिकायला लागेल. १००-१५० किमी मिश्र चालवून परत आकडे टाका.

स्टेपनी
बुधवार, रात्री १०:१५

धागा भरकटवतो, पण विचारून घेतो. ऑइल बदलणे आणि पुढचे ब्रेक पॅड ही दोन कामं व्हिडिओ बघून करायची ठरवलीत. पॅडची आवाजाची तक्रार सगळीकडे दिसते. कुठे चुकतं?

आटे_गेले
गुरुवार, सकाळी ७:३०

आधी एकक. अमेरिकी व्हिडिओत टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळायचा जोर, फूट-पाउंडात असतो, आपल्या मॅन्युअलमध्ये न्यूटन-मीटर, जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम-मीटर. १ फूट-पाउंड म्हणजे १.३६ न्यूटन-मीटर, १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे ९.८. छोट्या गाड्यांच्या ऑइल ड्रेन बोल्टला ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास लागतात. तोच आकडा फूट-पाउंडात धरला तर ४७ होतात, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या ऑइल संपचे (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीचे) आटे गेले म्हणून समजा. माझं नाव उगाच नाही. चाकाच्या नटांना बहुतेक छोट्या गाड्यांत ८५ ते ११०, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आट्यांना तेल-ग्रीस लावून तोच टॉर्क दिला तर बोल्ट जास्त ताणला जातो. कोरडे ठेवा.

दुसरी गंमत 'ड्रायव्हर साइड'ची. अमेरिकी व्हिडिओत ड्रायव्हर साइड म्हणजे डावी, आपली उजवी. डाव्या-उजव्या ड्राइव्ह शाफ्टची ऑर्डर यात हमखास चुकते.

ऑइलबद्दल: डब्बा आणला म्हणून सगळा ओतायचा नसतो. मारुतीच्या के-सिरीज १.२ला फिल्टरसह ३.१ लिटरच्या आसपास लागतं आणि बाजारात डब्बा मिळतो ३.५ लिटरचा. सगळा ओतला तर लेव्हल वरच्या खुणेच्या वर जाते, क्रँक तेलात घुसळला जातो, फेस होतो आणि पीसीव्हीतून तेल मॅनिफोल्डमध्ये जातं. २.८ ओता, दोन मिनिटं इंजिन चालवा, बंद करून पाच मिनिटं थांबा, डिपस्टिक बघून उरलेलं थोडं थोडं. फिल्टरच्या रबराला नवं तेल बोटाने लावा, रबर टेकल्यावर हाताने पाऊण फेरा. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनाला चिकटून राहिलं नाही ना, ते आवर्जून बघा. दोन रबरं एकावर एक बसली तर रस्त्यावर सगळं तेल सांडतं. ड्रेन बोल्टचा वॉशर दर वेळी नवा.

आणि नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही. टायर बदलायचा जॅक टायर बदलण्यापुरताच. सपाट जमीन, मागच्या चाकांना दगड, जॅक स्टँड लावून गाडी त्यांच्यावर टेकवून हलवून बघायची, मग खाली.

काढलेलं जुनं तेल डब्यात भरून गॅरेजला द्या. गटारात नको.

ओली_काजळी
गुरुवार, सकाळी १०:५०

ब्रेक मी घेतो.

नवा पॅड साधारण १०-१२ मिमी असतो, ३ मिमी उरला की बदला. आवाज येतो तो बहुधा पॅडचा दोष नसतो, जागा साफ न करता पॅड ठोकून बसवल्याचा असतो. कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, ब्रॅकेटवर जिथे पॅडचे कान बसतात तिथे गंज साचतो. तो तारेच्या ब्रशने काढून पत्र्याच्या क्लिपा नव्या घातल्या की पॅड हाताने सरकला पाहिजे. हातोडीने बसवावा लागत असेल तर तो परत सुटणार नाही, डिस्कला घासत राहील.

काढलेले पॅड फेकण्याआधी वाचा. एक टोक जाड, एक पातळ: गाइड पिनांपैकी (कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांपैकी) एक जाम. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा बराच शिल्लक: पिस्टन परत जात नाही किंवा पिना जाम. पिना काढून पुसा, सिलिकॉन ब्रेक ग्रीसचा पातळ थर द्या. बेअरिंगचं साधं ग्रीस तिथे कधीच नाही, त्याने रबर फुगतं आणि दोन महिन्यांत पिन पुन्हा जाम. दोन पिना वेगळ्या असतील तर जागा अदलाबदल करायची नाही.

पिस्टन मागे दाबण्याआधी ब्रेक फ्लुइडच्या डबीत किती आहे ते बघा. पॅड झिजले की लेव्हल आपोआप खाली येते. कोणी मध्ये वरपर्यंत भरलं असेल तर पिस्टन दाबल्यावर ते उतू जातं आणि रंग खातं. सांडलंच तर लगेच पाणी ओता. कॅलिपर रबरी पाइपावर लोंबकळत सोडायचा नाही, तारेने वर बांधा. डिस्कला आणि पॅडच्या घासणाऱ्या बाजूला बोटाचं तेलही लागू देऊ नका. धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा.

सगळं बसल्यावर, गाडी इंचभरही हलवण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे असतो, पहिलं पेडल थेट खाली जातं. हा एक टप्पा विसरल्याने गाडी समोरच्या भिंतीवर जाते. नंतर मोकळ्या रस्त्यावर ५०वरून १०पर्यंत हलक्या पायाने आठ-दहा वेळा, मध्ये थंड व्हायला वेळ देत. पहिल्याच दिवशी घाट उतरायला जाऊ नका.

मागच्या डिस्कमध्ये हँडब्रेक असेल तर तिथला पिस्टन बऱ्याचदा दाबून जात नाही, फिरवत आत न्यावा लागतो. सी-क्लॅम्प लावून जोर केला की आतली यंत्रणा तुटते. इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर स्कॅनरने सर्व्हिस मोड लावल्याशिवाय हात लावू नका. पुढच्या पॅडचा व्हिडिओ बघून मागचं काम करणारे इथेच फसतात.

घाटवळण
गुरुवार, दुपारी १२:२०

फ्लुइडबद्दल पुढे जोडतो. ब्रेक फ्लुइड हवेतली वाफ शोषतं. डॉट ४चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश, पाणी मुरल्यावरचा किमान १५५. डॉट ३ला तेच २०५ आणि १४०. कोकणातल्या दमट हवेत दोन वर्षांनी बदललेलं बरं. आंबेनळीसारखा लांब घाट ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर कॅलिपरमधलं पाणी उकळतं, वाफ दाबली जाते, पेडल स्पंजसारखं होतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच्या आसपासच्याच गिअरमध्ये उतरा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३, ४मध्ये मिसळायचं नाही. डॉट ५.१ मात्र ग्लायकोलचंच. नावं गोंधळात टाकणारी आहेत खरी.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून एवढंही: पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारायचा नाही. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडेपर्यंत नुकसान कदाचित शून्य असतं, पुढच्या सेल्फने इंजिन जातं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडी ढकलून बाहेर घ्या, एअर फिल्टर ओला आहे का बघा. ओला असेल तर टो करून न्या, तिथे प्लग काढून क्रँक हाताने फिरवू देत. गाळातून निघालेल्या गाडीची डिपस्टिकही बघा, तेल चहासारखं दुधाळ असेल तर इंजिन चालूच करू नका.

स्टेपनी
गुरुवार, दुपारी १:०५

बॅटरीची निगेटिव्हच का आधी?

लॅम्ब्डा
गुरुवार, दुपारी १:३०

गाडीची अख्खी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. आधी पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट, पाना वितळून चिकटतो. निगेटिव्ह आधी काढली की पाना कुठेही लागला तरी सर्किट पूर्ण होत नाही. जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी.

व्होल्टेज बघायचे तर रात्रभर उभ्या गाडीत १२.६ पूर्ण, १२.४ पाऊण, १२.०ला जवळपास रिकामी. सेल्फ मारताना ९.६च्या खाली जायला नको. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. काही नव्या गाड्यांचा अल्टरनेटर ईसीयू चालवतो, तो पेट्रोल वाचवायला मधूनच १२.८पर्यंत खाली येतो. लगेच अल्टरनेटर गेला म्हणू नका, हेडलाईट आणि ब्लोअर लावून परत मोजा.

दहा_अकराचा_पाना
रविवार, संध्याकाळी ६:१०

नवा पाइप, नव्या क्लिपा. व्हॉल्व्ह खुळखुळतो, तोच ठेवला. १६० किमी झाले. आयडल: शॉर्ट +१, लाँग +५. २५००: शॉर्ट ०, लाँग +५. सकाळचं मिसिंग नाही. कोड परत आलेला नाही.

लॅम्ब्डा
रविवार, संध्याकाळी ६:३०

आयडल आणि २५०० एका पातळीवर आले, हेच बघायचं होतं. उरलेले +५ बहुतेक इथेनॉलचे, त्यांच्या मागे लागू नका. अ‍ॅपमध्ये 'रेडिनेस' बघा. कोड उडवल्यावर ईसीयूच्या सगळ्या तपासण्या नव्याने पूर्ण व्हाव्या लागतात. कॅटॅलिस्टची आणि टाकीच्या वाफेची सगळ्यात उशिरा होते.

स्टेपनी
रविवार, रात्री ९:२०

पुढचं डावं चाक काढलं. बाहेरचा पॅड ६ मिमी, आतला ३ला टेकलेला. वरची पिन हाताने फिरते, खालची अजिबात नाही.

ओली_काजळी
रविवार, रात्री ९:३५

खालच्या पिनेला पकड लावून ओढू नका, बूट, म्हणजे पिनेवरचं रबरी आवरण, फाटेल. रस्ट पेनिट्रंट बुटाच्या आत जाऊ देऊ नका. कॅलिपर सोडवून बाजूला बांधा आणि पिनेला स्पॅनर लावून डावी-उजवी अगदी थोडी थोडी फिरवत बाहेर काढा. निघाली की ब्रॅकेटमधलं भोक ब्रेक क्लीनर आणि कापडाने साफ करा. पिनेवर खड्डे पडले असतील तर पॉलिश करत बसू नका. पिन आणि बुटांचं किट मिळतं, दोन्ही चाकांना घाला. उजवं चाकही काढून बघा, आणि आतल्या पॅडचा फोटो टाका.